सुटे सूर

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून. बातमी अशी की एका नव्या मालिकेचं संगीत मला मिळालं. बारा धुना आहेत, आणि त्या मी घरीच ध्वनिमुद्रित करणार. मागची खोली रिकामी करायला घेतली आहे. तुझी भावजय म्हणते, जुनी अडगळ काढून मी महागाची अडगळ आणतोय.

दुकानदारानं दोन मायक्रोफोन दाखवले, एक नाजूक कानाचा आणि एक दणकट. सॉफ्टवेअरही दोन. एक साधं, दुसऱ्यात सहाशे वाद्यांचे तयार आवाज. माझं डोकं चालेनासं झालंय. तू सांगशील ते घेतो.

बाराही धुनांत व्हायोलिन तुझंच. शनिवार-रविवार मोकळे ठेव.

आशीर्वादाचा आणि सल्ल्याचा भुकेला,
खटपट्या

ता. ११ जानेवारी

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी रेडिओ उघडून पुन्हा जोडायचास आणि चार स्क्रू उरायचे. तेव्हा यावेळी जरा जपून.

खोलीतलं कपड्यांचं कपाट हलवू नकोस, कपडे आवाज पितात. उरलेल्या भिंतींवर जुन्या रजया टांग. स्पीकरआधी चांगला हेडफोन घे. मायक्रोफोन नाजूक कानाचाच हवा. गज तारेवर टेकतो, तेसुद्धा त्याला ऐकू गेलं पाहिजे. आणि त्या सहाशे वाद्यांच्या नादी लागू नकोस. मी असताना ती कशाला? काखेत कळसा नि गावाला वळसा.

शनिवार-रविवारचा वर्ग मी बंद केला. नऊ मुली होत्या, त्यातल्या दोघी रडल्या. मी मात्र इतकी खुशीत आहे की काय सांगू. वीस वर्षं शिकवतेच आहे. स्वतः कुणासाठी वाजवून किती दिवस झाले, आठवतही नाही.

भावजयीला म्हणावं, अडगळीत माझी एक खुर्ची ठेव.

तुझी,
ताई

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी आलीस, बरं वाटलं. एकेक सूर सुटा, आधी हळू, मग मध्यम, मग जोरात, असं सहा तास वाजवायला लावलं म्हणून वैतागलीस, ते दिसत होतं. पण मायक्रोफोनची चाचणी अशीच करावी लागते. संगणकाला वाद्याची ओळख करून द्यावी लागते.

तुझं सगळं ऐकलं. सॉफ्टवेअर तेवढं तिसरंच घेतलं. त्यात आपले आवाज आपणच भरायचे असतात. धुना अजून मंजूर व्हायच्यात, तेव्हा घाई नाही. वेळ आली की मीच बोलावीन.

हात दाबून घे. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
खटपट्या

ता. १९ एप्रिल

चि. खटपट्यास,
आशीर्वाद.

दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले होते. समोरच्या टीव्हीवर तुझी मालिका लागली. हे माझ्या भावाचं संगीत, असं शेजारच्या बाईंना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात व्हायोलिन सुरू झालं. ते माझं होतं. धून मात्र मी जन्मात वाजवलेली नाही.

तार षड्जाला जाण्याआधी मी नाकानं श्वास ओढते. लहानपणी तू त्याची नक्कल करायचास. तो श्वास त्यात होता. षड्ज चार वेळा आला आणि चारही वेळा तोच श्वास, तीळभर फरक नाही. माणूस असं वाजवत नाही रे.

मी नंबर सोडून घरी आले. चाचणी कसली होती ते कळलं. तू केसानं गळा कापलास. सहा तास मी हौसेनं वाजवत होते, आणि तू समोर बसून मान डोलवत होतास. तुला माझं वाजवणं हवं होतं, मी नको होते. सरळ मागितले असतेस तर कदाचित दिलेही असते सूर. वर्गातल्या सात मुली आता दुसरीकडे जातात.

दाढ अजून ठणकते आहे. उत्तर दे.

ताई

ता. २७ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. माझं चुकलं, पण तू समजतेस तेवढं नाही. निर्माते चार दिवसांत धून मागतात. तू एका धुनेवर तीन रविवार घालवशील आणि वर चालही बदलायला लावशील. सॉफ्टवेअर वाद घालत नाही. आधी सांगितलं असतं तर तू गजाला हात लावला नसतास, हे तुलाही ठाऊक आहे.

तुला परकं मात्र केलं नाही. यादीत बाकीच्या आवाजांना नंबर आहेत, तुझ्या आवाजाला मी ‘ताई’ असं नाव दिलंय. माझे दोन संगीतकार मित्र तोच वापरतात. फार वाखाणतात.

आता एक विनंती, रागावू नकोस. हळू वाजवलेल्या कोमल धैवतात रस्त्यावरचा हॉर्न घुसलाय. त्या एका सुरापायी दुःखाच्या सगळ्या धुना अडल्यात. अर्धा तास येऊन जा. चहा माझ्या हातचा.

तुझाच,
खटपट्या

ता. ३ मे

चि. खटपट्यास,
आशीर्वाद. सवयीनं लिहिला गेला, आता खोडत नाही.

तुझं पत्र भावजयीला वाचून दाखव आणि तिला काय वाटतं ते विचार. मी काय सांगू? तुझे मित्र बोट ठेवतात आणि ताई वाजते. मी त्यांची कोण?

आठवडाभर रियाज धड होत नाही. सूर सुटेच निघतात, हळू, मध्यम, जोरात. एकातून दुसऱ्यात जायला हात कचरतो, कारण कुणीतरी ते मोजून घेत असेल असं वाटत राहतं. हे तू केलंस, आणि याला तुझ्या संगणकात उपाय नसेल. वर्ग पुन्हा सुरू करते आहे. दोघी परत येणार आहेत.

काल दुपारी खिडक्या लावून तो कोमल धैवत वाजवला. हळू वाजवला, आणि गज संपेपर्यंत धरून ठेवला. बाकी सगळे तुझ्याकडे गेले. हा एक तेवढा माझ्याकडे राहिला आहे. तो मिळणार नाही.

कळावे. लोभाचं पुढं बघू.

तुझी मोठी बहीण