मनसाराम भाऊचा गुडघा आणि गोव्यातली तनस

ती. भाऊ,

तर मी माजलो नाई. हे आधी लिहून ठेवतो, कारण मागच्या फोनवर तू हेच ओरडून म्हटलं आणि तेवढं मले साफ ऐकू आलं. बाकी सगळ्यावर मी नुसतं ‘हो हो’ करत होतो, म्हणून तू समजला की गोव्याचं पाणी लागलं, लच्छू आता घरच्याले मोजत नाई. मोजतो. म्हणून तर पत्र लिहितो, नाहीतर सातवी नापास माणसानं एवढी बोटं काऊन दुखवावी?

रागाच्या भरात नमस्कार राह्यला, तो आता घे. बाबाले दंडवत, प्रेमिला वहिनीले नमस्कार, आचल बहिणीले आशीर्वाद (नवरी होणार म्हणून, एरवी तिची लायकी नाई). म्हशीले काही नाई, तिनं मागच्या खेपेले माझी नवी बनियान खाल्ली. तुझा गुडघा कसा आहे? वहिनीनं लिहिलं की तू उठला की तिले वाटते कोणीतरी काडी मोडली.

आता भांडणाचं. आचलच्या लग्नात डीजे नको, टेपवर सनई लावून मोकळं होऊ, कारण ‘आपलं नाचाचं वय गेलं’. हे तू लिहिलं? ज्याच्या नाचापायी वडशाच्या मंडईच्या जत्रेत पानठेल्याचं बाकडं मोडलं आणि ठेलेवाला भरपाई सोडून ‘अजून एक होऊन जाऊ दे’ म्हणत होता, त्या मनसारामनं? छत्तीसाव्या वर्षी? वय कुठी जाते, कसं जाते आणि जाता जाता काय काय मागते, हे मी इथी रोज पाहून राह्यलो, ते ऐक.

मी ज्या नाचघरात वायरी ओढतो तिथले गिऱ्हाईक म्हणजे सगळे गोरे. शेठ सांगते की वीस वर्षांआधी हेच लोक दोन-दोन दिवस रेतीत नाचत, जेवायचं विसरत, कधी कपडेही विसरत. आता ते साठीले टेकले, तरी दर हिवाळ्यात येतात, आपले म्हातारे मंडईले येतात तसे. पण आल्याबरोबर विचारतात, खुर्ची कुठी, संडास कोणत्या बाजूले, आणि आवाज थोडा कमी होते काय. मार्था नावाची एक जर्मन बाई आहे, बासष्ट वर्षांची, ती गुडघ्याले पट्टा बांधून नाचते. हान्स नावाचा डीजे आहे, त्याचे केस म्हणे कमरेपर्यंत होते. आता टक्कल आहे आणि बटन शोधाले चष्मा लागते. तो कानात रबराचे बोळे घालते. आम्ही पोरं त्याले लय हसतो. हलवायानं तोंडाले मुसकं बांधून जिलेबी तळावी, तसा तो दिसते. (मी तर चार सिझन स्पीकरच्या उजव्या खोक्याले टेकूनच काढले. डुलकीही तिथंच.) आणि सगळ्यायचं एकच भजन, की पहिल्यासारखं संगीत आता राह्यलं नाई. बाबा नाटकाबद्दल हेच म्हणतात, फक्त त्यायच्या हातात बिडी असते.

नवी पोरंही येतात, पण पाण्याच्या एका बाटलीवर चौघं रात्र काढतात. म्हणून शेठचं डोकं फिरलं आहे. ज्यायच्या खिशात पैसा, त्यायचे गुडघे गेले. ज्यायचे गुडघे शाबूत, ते फुकटे. शेवटी त्यानं म्हाताऱ्यांसाठी दुपारी चारचा नाच सुरू केला आणि मले म्हटलं, इनके बैठने का कुछ आराम का बंदोबस्त कर.

आता भाऊ, आरामात बसवायचं म्हटलं की आपल्या डोक्यात काय येते? नाटकाचा मंडप, खाली वाळल्या तनशीची गादी. मी शेजारच्या शेतातून धानाची तनस आणली, बैलबंडीभर, आणि नाचाच्या जागेच्या अर्ध्या भागात हातभर जाड अंथरली. शेठ ओरडला, “ए लच्छू, ये क्या गोठा बनाया?” पण म्हातारे असे खूश झाले! मार्था लेटली, तिच्या बाजूले दोघं लेटले, नि थोड्या वेळानं हान्सच्या समोर अर्धी पब्लिक घोरून राह्यली. हान्सनं चष्मा काढला. एवढा अपमान त्याचा कधी झाला नसेल.

फक्त एक गोष्ट मी विसरलो होतो. आपण तनशीवर पोतं टाकतो, धोतर-लुगडं गुंडाळून बसतो. हे लोक होते अर्ध्या चड्डीत. (चादरी होत्या, पण पांढऱ्या होत्या. मळतील म्हणून टाकल्या नाई.) आधी एक उठला, मांडी खाजवत. मग दुसरा. मग भाऊ, सगळेच उठले, आणि जे नाचले! हात वर, पाय वर, पाठ भिताडाले घासून, एकमेकाच्या पाठीले पाठ लावून. हान्सले वाटलं जुने दिवस परत आले, त्यानं आवाज वाढवला आणि रडला. बाहेर गाडीवर बसलेली पोरं धावत आत आली आणि तसंच खाजवून नाचू लागली. त्यायले वाटलं नवीन स्टाईल आहे. शेठनं पुढच्या शनिवारसाठी दोन बंड्या तनस सांगितली. खाजेचं मी त्याले अजून सांगितलं नाई.

मार्थानं शेवटी पट्टा सोडून फेकला, त्याच्या आतही तनशीची कुसं गेली होती. पट्ट्याशिवाय ती अजून नाचली, मग खुर्चीत पडून मले म्हणाली, “लच्छू, बहुत अच्छा. बहुत खराब.” दुसऱ्या दिवशी तिले उठता येत नव्हतं, पण बुढी हसत होती.

तर बासष्टची बाई नाचते, आणि तू सनई लावतं. डीजे सांग. आठ खोके.

तुझा (न माजलेला)
लच्छू

ता. क. मार्थाचा पट्टा सोबत पाठवतो. तिनं नवा घेतला. तीन वेळा धुतला आहे, तरी बांधायच्या आधी झटक.

ता. क. आठ नको, चारच खोके सांग. तोंड तलावाकडे ठेव, बाबाकडे आणि लहान पोरांकडे नको. डॉक्टर म्हणते माझा उजवा कान गेला, परत येत नाई. डाव्यात रातकिडा बसला आहे, फोन लावला की तोच बोलते. वहिनीले सांगू नको. हान्सचे बोळे आता मीही घालतो. पोरं हसतात.

ता. क. म्हणून फोनवर तू लग्नाची तारीख सांगितली तेव्हा मी ‘हो हो’ म्हटलं, पण मले काही कळलं नाई. कागदावर लिहून पाठव. मोठ्या अक्षराची गरज नाई, डोळे चांगले आहेत. मी येतोच. पण तुले नाचाच लागेल भाऊ. धमधम माझ्या छातीत लागेल, पण गाणं कोणतं ते मले तुझ्या पायावरूनच कळेल. चार खोक्यायचा बयाणा म्हणून मनिऑर्डर केली आहे, रुपये अकराशे एक.