पाणी कुठवर आलेलं

अण्णा, आज माझं सर्व्हेअरचं लायसन्स पुन्हा रिन्यू होऊन आलं. आता ते कम्प्युटरवरच येतं, पण मी ठाण्यात त्याची प्रिंट काढली, लॅमिनेट केली आणि टिटवाळ्याच्या घरात तुमच्या फोटोखाली लावली. तुमचा जावई म्हणाला, "अगं, भिंतीवर कशाला? फाईलला लाव." त्याला काय कळणार. विम्याच्या क्लेमसाठी तीस वर्षं तुम्ही नुकसान मोजत फिरलात, जळलेली गोदामं, बुडालेली दुकानं, आणि रिपोर्टखाली सही मात्र लायसन्सवाल्या साहेबांची. लायसन्सला डिप्लोमा नाहीतर डिग्री लागायची, आणि तुम्ही बारावी. कधी कुरकुर केली नाहीत. मला मात्र दहावी होताच पॉलिटेक्निकला नेऊन बसवलंत. मी नोकरीची स्वप्नं बघतेय तर परतताना रिक्षातच सांगून टाकलंत, "नोकरी नंतर. आधी लायसन्स."

डिप्लोमा झाला तरी वर्षभर लायसन्सवाल्या सर्व्हेअरच्या हाताखाली काम करायचं, मग परीक्षा. साहेबांनी मला ट्रेनी म्हणून घेतलं, पण शिकवलंत तुम्हीच. डोंबिवली एमआयडीसीतलं ते खोक्यांचं गोदाम अजून डोळ्यांसमोर आहे. नाल्याचं पाणी शिरून गेलेलं, पुठ्ठ्याचा नुसता लगदा. मालक चहा मागवतो, म्हणतो, "मॅडम, चार फूट पाणी होतं, लिहून घ्या," आणि मी लिहून घेते. तुम्ही उठता. कपाटामागे बॅटरी मारता, भिंतीवरची चिखलाची रेघ शोधता, टेप लावता. सव्वातीन फूट. "ओल वर चढत जाते, तिच्यावर जायचं नाही. रेघ धरायची," एवढंच म्हणता. बाहेर आल्यावर माझ्या वहीतलं पान टरकन फाडलंत. "दुसऱ्याच्या तोंडचं माप लिहायचं नाही, मग तो कितीही भला असो. जमत नसेल तर घरी बस." भर रस्त्यात रडले मी. तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीही बोलला नाहीत. आई वैतागून म्हणाली, "बाप तशी लेक, दोघंही हटवादी."

लायसन्स हातात आलं तेव्हा तुम्ही रिटायर झाला होतात. अख्ख्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटलेत. खालच्या वाण्याला माझा लायसन्स नंबर वाचून दाखवलात, त्या बिचाऱ्याला त्याचं काय. आणि माझा पहिला सर्व्हे आला तो कल्याणातल्या साड्यांच्या दुकानाचा, पुराचं पाणी ओसरल्यावर. मी म्हटलं, "अण्णा, चला ना सोबत, मला धीर येईल." धीर नको होता मला. माझ्या नावाच्या पहिल्या रिपोर्टात तुमचा हात असावा, एवढंच वाटत होतं.

तुम्ही मालकाशी बोलत होतात तेवढ्यात मी मोजून घेतलं. दोन फूट नऊ इंच. मग टेप तुमच्याकडे दिला. गुडघे धरत वाकलात, चष्मा वर-खाली केलात आणि म्हणालात, "दोन फूट अकरा." मी पुन्हा पाहिलं. रेघ नवावरच होती. तुम्ही ओल धरलेली, अण्णा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला आणि तुम्ही कुणाला सांगितलेलं नव्हतं. रिक्षात विचारलंत, "किती लिहिलंस?" मी म्हटलं, "तुमचंच." केवढे खूश झालात. "बघ, जमतं मला अजून."

तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. जाईपर्यंत येईल त्याला सांगत होतात, लेकीच्या पहिल्या रिपोर्टातलं माप माझं आहे. मी गप्प बसून ऐकायचे, आणि मला तुमचा इतका अभिमान वाटायचा की डोळे भरून यायचे. या वहीत लिहितेय ते काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून आज सांगून टाकते. रिपोर्टात दोन फूट नऊ लिहिलंय. दुसऱ्याच्या तोंडचं माप लिहायचं नाही, असं तुम्हीच सांगितलेलं.