सालीत नव्हतंच

तीर्थरूप आईस,
इथूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

राजमा सोलून कर, बाधणारं सगळं सालीत असतं, असं मीच तुला सांगितलं होतं. सोललेला म्हणून तू तो लवकर उतरवलास आणि बाबांना बाधलाच.

आज प्रयोगशाळेत दाण्याच्या चकत्या तपासल्या. बाधणारं ते लेक्टिन सालीत जवळजवळ नाहीच. ते आतल्या दोन्ही डाळींत आहे, कोंबाच्या शिदोरीतच. लेकराच्या डब्यात कुणी विष भरतं का? माझं डोकंच चालेना. आमच्या बाई म्हणतात, कोंबाला ते बाधत नाही, दाणा खाणाऱ्या चोराला बाधतं.

तू सोलत बसू नकोस. राजमा भिजवलेलं पाणी फेक आणि चांगला खदखदून शिजव.

बाबा आता जेवतात ना? खरं लिही. त्यांना सांग, चूक तुझ्या हाताची नव्हती, माझ्या शहाणपणाची होती.

तुझी गोंधळलेली,
थोरली