एका हाताचा मासा

ये. म. यो.
झ्वाली, लुईझियाना
२२ फेब्रुवारी १९९४

प्रिय ओडिल हिला,
कॉर्डीचा स. न. वि. वि.

आज एमिलच्या सदऱ्याचं बटण लावायला बसले आणि नॅकटिशच्या शाळेतला शिवणाचा वर्ग डोळ्यांपुढे आला. खिडकीजवळच्या बाकावर आपण दोघी उशांच्या अभ्र्यांना काठ घालत होतो. तू माझ्या हातातली सुई ओढून घेतलीस, नेढ्यातून दोरा काढून त्याला वेढे दिलेस, टोक फासातून मागे घेतलंस, थुंकीनं ओलं करून ओढलंस आणि म्हणालीस की ही मासे धरायची गाठ, मेली तरी सुटायची नाही. मागे सिस्टर पर्पेच्युआ उभ्या. त्यांना तो नवा टाका वाटला. त्यांनी साऱ्या वर्गाला तो शिकवायला लावला. लुईझियानात अजून कुठेतरी त्या गाठीचे अभ्रे असतील. त्याच सुट्टीत तू मला घरी नेलंस आणि मी तुझ्या भावाच्या गळाला लागले.

एमिलचं सांगायचं तर, नोव्हेंबरातल्या अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात आहे तसाच लुळा आहे. शब्दांपैकी एकच परत आला, मंगळवार. कॉफी हवी का विचारलं तर मंगळवार, पाय दुखतो का तर मंगळवार. रागाचा मंगळवार वेगळा, लाडाचा वेगळा. मला आता बरेचसे कळतात.

थेरेसा आम्हाला ऑक्टोबरअखेर बॅटन रूजला तिच्याकडे नेणार. घराच्या पायऱ्या, दूरचा दवाखाना, माझी पाठ. लेकीचं काही चुकत नाही. पण जाण्याआधी एमिलच्या हातून या तलावातला एक बास मासा निघावा, एवढीच माझी इच्छा आहे. त्याच्या एकट्याच्या हातून. तुमच्या घरचा नियम मी लग्नापासून पाळत आले: दुसऱ्याचा हात गळाच्या काठीला लागला की मासा आपला राहत नाही. इतकी वर्षं मी जाळी घेऊन शेजारी उभी राहिले, काठीला कधी बोट लावलं नाही.

तो रोज शेडमध्ये मासे धरायच्या खोट्या आमिषांच्या पेट्या उघडून बसतो. एखादं माझ्या हातात देतो, मी हेच का म्हणते, तर हिसकावून परत ठेवतो आणि झाकण आपटतो. त्याला काय म्हणायचंय ते मला उमगत नाही. शेजारचा ल्यूथर एबार्ब होडी द्यायला तयार आहे, पण तो पडला कॅटफिशवाला. बास म्हणजे रिकामटेकड्यांचं खूळ, असं तो एमिलच्या तोंडावर म्हणतो. तू बहिरी, फोनवर तुला ऐकू येत नाही. तो मुका. मधे मी. तेव्हा लिहूनच सांग, या दिवसांत काय बांधू?

पत्राला उशीर झाला तरी चालेल, पण अक्षर मोठं काढ आणि माया होती तेवढीच ठेव.

तुझी भावजय नि त्याआधीची मैत्रीण,
कॉर्डी


ये. म. यो. (येशू, मरिया, योसेफ. बघ, अजून लिहिते. सिस्टर वरून वाचत असतील.)
आल्बुकर्की
७ मार्च १९९४

प्रिय कॉर्डीस,
ओडिलचे अनेक आशीर्वाद. नणंदेचा मान म्हणून आशीर्वाद, नाहीतर तू माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी.

एक दिवसाआड मला रक्त धुवायच्या यंत्राला जोडतात. खिडकीतून वाळू आणि एक पेट्रोल पंप दिसतो. अशा ठिकाणी बसून मी तुला मासे धरायला शिकवणार, म्हणजे आंधळ्यानं वाट दाखवण्यातला प्रकार. तरी ऐक.

बासला काय आवडतं हा प्रश्नच चुकीचा. तो आत्ता कुठे आहे आणि त्याचा मूड कसा आहे, ते विचारायचं. नवऱ्याच्या बाबतीत तू जन्मभर हेच केलंस, तेव्हा जमेल. आत्ता पाणी थंड आहे, तर पाण्यातल्या गवताच्या कडेनं ते लाल, पोटात खुळखुळणारं आमिष ओढायचं. गवतात अडकलं की झटका देऊन सोडवायचं. सुटता सुटताच मासा झडप घालतो. डॉगवूडच्या झाडाला पांढरी फुलं आली की बास उथळात येऊन घरटी करतात. तेव्हा खुळखुळा ठेवून द्यायचा आणि रबरी पाल घ्यायची. ती घरट्यात सोडून नुसती पडू द्यायची. नर राखणीला असतो. तो भुकेनं नाही, रागानं चावतो, कारण पाल अंडी खाते हे त्याला ठाऊक असतं. पिल्लं सुटली की सगळे थकतात. मग भल्या सकाळी सावलीत तरंगता बेडूक. भर उन्हाळ्यात ते खोल जातात, तुम्ही घरात बसा. ऑक्टोबरात चंदेरी बारक्या माशांचे थवे ओढ्यांत शिरतात, त्यांच्यामागे बास, आणि त्यांच्यामागे आपण चंदेरी आमिष घेऊन. पाणी गढूळ असेल तर काळं किंवा भडक, नितळ असेल तर गवती रंगाचं. झालं माझं प्रवचन.

त्याच्यासाठी बटण दाबून दोरी सोडायचं रीळ घे, लहान मुलांचं असतं ते. काठीची मूठ त्याच्या उजव्या काखेत घट्ट बसव, म्हणजे डावा हात फेकायला आणि रीळ फिरवायला मोकळा राहील. आणि मासा लागला की तू आपले दोन्ही हात मांडीखाली घालून बस. तुला मदत केल्याशिवाय राहवत नाही. भरवतेस तसा मासाही त्याला आयता ओढून दिलास, तर तो तुला माफ करायचा नाही.

इकडची काळजी करू नकोस. करायचीच असेल तर थोडी माझ्यासाठीही ठेव.

तुझी,
ओडिल


ये. म. यो.
झ्वाली
११ एप्रिल १९९४

प्रिय ओडिल हिला,
कॉर्डीचा स. न. वि. वि.

तुझं पत्र हातात पडण्याआधीच मी घोळ घालून बसले होते. उपासाच्या दिवसांतली साफसफाई काढली होती, त्यात एमिलच्या पेट्याही काढल्या. वाटलं, सगळं एका जागी नीट लावलं तर त्याला हवं ते बोटानं दाखवता येईल. रबरी गांडुळं साबणानं धुतली, वाळवली आणि शाळेत वेदीची वस्त्रं लावायचो तशी रंगावारी लावली. लाल गांडुळं लाल आमिषांबरोबर, हिरवी हिरव्यांबरोबर. डबे पत्र्याखालच्या फळीवर ठेवले. मनात म्हटलं, सिस्टर पर्पेच्युआंनी बघायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात एमिलनं झाकण उघडलं. गांडुळांचा पाक झाला होता. त्या पाकानं आमिषांचा रंग फोड येऊन सुटला होता आणि सगळी एकमेकांना चिकटली होती. तुझा तो लाल खुळखुळा त्यातच होता. माझ्या सासऱ्यांनी, पापांनी, सायप्रसच्या लाकडातून कोरलेला मासाही त्यातच. त्याचे खवले गेले. दुकानदार म्हणाला की रबर आणि रंग एका डब्यात ठेवत नाहीत, हे झ्वालीतलं पोरसुद्धा सांगेल. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी त्या पेट्यांना कधी हात लावला नव्हता. एमिलनं डाव्या हाताचं बोट पापांच्या माशावरून फिरवलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली. त्या दिवशी एकही मंगळवार नाही.

ईस्टरला मी नव्या पाली आणि बटणाचं रीळ आणलं. डॉगवूड तोवर फुलून गेला होता, म्हणून सरळ घरच्या धक्क्यावरच बसलो. पहिली फेक माझ्या वाळत घातलेल्या चादरीत, नंतरच्या झाडात, पण मग त्याचा हात बसला. उथळात घरटं दिसत होतं, पाण्याखाली पांढरट ताटली ठेवावी तसं. पाल नेमकी त्यात पडली. नरानं ती तोंडात धरली, घरट्याबाहेर नेली आणि टाकून दिली, दारातला केर काढावा तशी. दोरी हलली तेव्हा एमिलनं काठी ओढली, पण काखेतली काठी ती, झटका कसला बसतोय. रोज सकाळी हेच. आम्ही पाल आत टाकायची, त्यानं ती बाहेर नेऊन ठेवायची. शेवटच्या दिवशी एमिल हळूच मंगळवार म्हणाला. हसत होता की काय, मला नक्की कळलं नाही.

ल्यूथर म्हणतो, कॅटफिश असा नखरा करत नाही.

तू रागावली असशील तर तसं लिही, पण लिही.

तुझी,
कॉर्डी


ये. म. यो.
आल्बुकर्की
२ मे १९९४

प्रिय कॉर्डीस,
ओडिलचे आशीर्वाद.

पापांच्या लाकडी माशाचं मनाला लावून घेऊ नकोस. पापांच्या हयातीत त्याला एकही बास लागला नव्हता. मासे त्याला बघून लांब जात. एमिलला बोलता आलं असतं तर त्यानं तुला हे केव्हाच सांगितलं असतं, आणि तुम्ही दोघं हसला असता. तो हसला असता म्हणून मी तुझ्या वतीनं इथे हसून घेतलं. नर्सला वाटलं, मला काही होतंय.

पालीच्या बाबतीत मीच चुकले. तिचा गळ रबरात लपलेला असतो. तो माशाच्या जबड्यात रुतवायला दोन हात आणि कंबर लागते. त्याला असं आमिष हवं की मासा स्वतःच अंगावर येऊन अडकेल. ऑक्टोबरातलं चंदेरी घे, पोटाखाली उघडे तीन-तीन काटे असलेलं. तो धावत येतो आणि आपल्याच जोरानं अडकतो. आता उन्हाळा जाऊ दे. ऑक्टोबरात ल्यूथरला सांग, आपल्या जुन्या शेताच्या ओढ्यात न्यायला. तलावासाठी धरण बांधलं तेव्हा शेत पाण्याखाली गेलं, तरी मेलेली झाडं वर दिसतात. माशांचे थवे तिथेच शिरतात.

माझ्या दंडातल्या शिरा आता सुया घ्यायला कंटाळल्या, असं डॉक्टर म्हणतात. मलाही कंटाळा आला आहे, पण ऑक्टोबरचं ऐकायचं राहिलंय. तेवढं थांबते.

दोघांवर जीव आहे. तो पत्रात मावत नाही म्हणून आखडता घेते.

तुझी,
ओडिल


ये. म. यो.
झ्वाली
१७ ऑक्टोबर १९९४

प्रिय ओडिल हिला,
कॉर्डीचा स. न. वि. वि.

मक्याच्या पानात उकडलेल्या तमालेंची जत्रा आटोपली, थंडी पडली आणि शनिवारी सकाळी ल्यूथरनं आम्हाला नेलं. एमिलला खुर्चीसकट होडीत बांधलं. ल्यूथर वाटभर बडबडत होता की बासवाल्यांना मिरवायला इतकं सामान लागतं, वरात परवडली. एमिल त्याला मंगळवार म्हणाला, तो मला समजला. तुझ्यासमोर लिहिणार नाही.

ओढ्याच्या तोंडाशी पाणी नाण्यांनी भरल्यासारखं चमकत होतं. तू लिहिलेले ते बारके मासे. मी चंदेरी आमिष बांधलं, तुझ्याच गाठीनं. एमिलनं डाव्या हातानं फेकलं, रीळ फिरवत आणलं, पुन्हा फेकलं. चेहरा असा की कुणी म्हणू नये याला काही झालंय.

मग काठी काखेतून उडाली. त्यानं ती डाव्या हातानं वरच्यावर पकडली. ओडिल, काठी त्याच्या हातात होती, पण रीळ फिरवायला हातच उरला नव्हता. बास एकदा पाण्याबाहेर आला, तोंड उघडं, घागरीएवढं. कॅटफिशवाल्या ल्यूथरनं छातीवर क्रूस काढला. काठी वाकली होती आणि एमिल माझ्याकडे बघत होता. मंगळवार म्हणाला. पुन्हा म्हणाला. त्याचे बरेचसे मंगळवार मला कळतात असं मी तुला लिहिलं होतं. हा मी कधी ऐकला नव्हता.

माझे हात मांडीखाली होते. ल्यूथरनं हात पुढे केला तो मी फटका मारून बाजूला केला, आणि माझा हात पुन्हा मांडीखाली घातला. मासा मेलेल्या झाडांत शिरला. दोरी खोडाला घासल्याचा आवाज आला आणि मग ती सैल पडली.

नंतर किती वेळ तो काठी तशीच वर धरून बसला. परतताना माझ्याकडे बघितलं नाही. परवापासून शब्द नाही, पेटी नाही. मी भरवते, तो खातो. सामान बांधून झालं आहे. आता थंडी वाढतेय आणि महिना संपतोय. दुसरी खेप होणार नाही.

वर्षभर त्याचं तोंड मी पुसलं, बूट मी बांधले, आणि त्या एका वेळी मी हात लावला नाही. तो हात लाव म्हणत होता, की लावू नकोस म्हणत होता? तू त्याची बहीण. तू सांग.

तुझी,
कॉर्डी


ये. म. यो.
आल्बुकर्की
२ नोव्हेंबर १९९४

प्रिय कॉर्डीस,
ओडिलचे आशीर्वाद, बॅटन रूजच्या पत्त्यावर.

तू विचारलंस ते मला माहीत नाही. चार दिवस विचार केला. लहानपणापासूनचा त्याचा चेहरा आठवून बघितला. तरी माहीत नाही. त्यालाही माहीत असेल असं वाटत नाही.

एवढं मात्र माहीत आहे. तो नियम पापांनी आम्हा दोन भांडखोर पोरांसाठी केला होता. मी एमिलची काठी ओढायची, तो माझी, आणि दोघं पाण्यात. म्हणून पापा म्हणाले की दुसऱ्याचा हात लागला तर मासा आपला नाही. नवरा-बायकोसाठी त्यांनी काहीच नियम सांगितला नव्हता. मम्मा तर सर्रास त्यांच्या काठीला हात घालायची. हे मला मार्चमध्येच सुचायला हवं होतं. वाळवंटात खुर्चीवर बसून मी तुला हात मांडीखाली घालायला सांगितलं, आणि तू शहाण्या मुलीसारखे घातलेस.

शुक्रवारपासून मी यंत्र बंद करते आहे. डॉक्टरांशी आणि फादरांशी बोलून झालं. दोघांनीही समजूत घालायचं सोडलं. फार दुखत नाही म्हणतात, झोप येत जाते. तुला येता येणार नाही, आणि येऊ नकोस. एमिलला कोण भरवेल? रडायचं तर पत्र बाजूला ठेवून रड. शाई पातळ आहे, आणि खालचं तुला वाचायचं आहे.

तुमच्या दोघांच्या मायेत मी होतेच. तिथली माझी जागा दुसऱ्या कुणाला देऊ नका.

तुझी,
ओडिल

ता. क. माझं मासेमारीचं सामान नर्स तुमच्याकडे पाठवेल. जपमाळ थेरेसाला. रबरी गांडुळं आणि पाली सगळ्या ल्यूथरला, म्हातारपणी का होईना बाटू दे; पाठवण्याआधी धुऊ नकोस. खुळखुळे, बेडूक आणि चंदेरी आमिषं एमिलला, वेगवेगळ्या डब्यांत आहेत, तशीच राहू देत. थेरेसाच्या घराजवळ बागेत तळं आहे म्हणे. बदकं असली तरी खाली काहीतरी असेलच. काठी एकच आहे. ती तुला. तिच्यावरचं रीळ एमिलला. ती एकमेकांपासून सोडवायची नाहीत.