‘झालं बाई’ची चावी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, इस्पितळाच्या एक्स-रे विभागातून निवृत्त झालेली मदतनीस, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरेच झाले.

१. राहते घर मुलाला. तो शिकलेला इंजिनियर, दर दोन वर्षांनी नवा संगणक घेतो. ते ठेवायला जागा लागेल.

२. जिन्याखालच्या खोलीतले नऊ जुने संगणक भंगारात देऊ नयेत. एक्स-रेचे यंत्र ठणठणीत होते, पण त्याच्या संगणकाची प्रणाली जुनी, नवा प्रोग्राम तिच्यात बसेना. मोठे साहेब म्हणाले, "मावशी, यंत्रच बाद करा." नाचता येईना अंगण वाकडे! तेव्हा मी एक्कावन्न वर्षांची. पुस्तके उसनी आणून संगणकाची भाषा शिकले आणि एक अवजार, म्हणजे छोटासा मदतनीस प्रोग्राम, लिहिले: जुन्या प्रणालीत काय उणे आहे ते आधी चाचपायचे, ते ओळीने भरायचे, मगच नवा प्रोग्राम चढवायचा. आधी पाया, मग कळस. यंत्र पुढे अकरा वर्षे चालले. अवजाराची प्रत्येक आवृत्ती आजही या नऊ संगणकांवरच तपासली जाते. साहेबांचा ‘बाद करा’ हा लेखी शेरा मी चौकटीत बसवला आहे, तो त्यांना पोहोचवावा. राग नाही, असलाच तर थोडा.

३. सदर अवजार कोणाला, असे वकीलबाईंनी विचारले. मी म्हटले, त्याचा कोड पहिल्या दिवसापासून खुला आणि मोफत आहे. कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा.
"मग आजी, हे कलम टिकणार नाही. जे तुमचं राहिलंच नाही, ते देणार कसं?"
कलम बाद झाल्याचा एवढा आनंद कोणाला झाला नसेल! एक कंपनी ते विकत घेऊन कुलूपबंद करायला आली होती. आयत्या बिळावर नागोबा. तिच्या माणसांना चहा पाजून परत पाठवले.

४. काम फत्ते झाले की पडद्यावर रोमन अक्षरांत ‘झालं बाई!’ उमटते. चाचणीपुरते लिहिले होते, काढायचे विसरले. पुढे काढले, तर चार देशांतून तक्रारी आल्या, की त्याशिवाय काम झाल्यासारखे वाटत नाही. ते शब्द कोणी काढू नयेत.

५. राहिली चावी, म्हणजे पेनड्राइव्हवर ठेवलेला गुप्त सांकेतिक आकडा. ती मात्र माझी एकटीची. नव्या आवृत्तीवर या चावीची मोहोर नसेल तर लोकांची यंत्रे ती घेतच नाहीत. चावी माझ्याबरोबर गेली, तर अवजार तिथेच थिजेल. मुलगा ती आपलीच धरून चालला आहे. ती सुनेला द्यावी. "आई, मेलेल्याला पाणी पाजताय," म्हणणारी तीच, आणि सात वर्षे प्रत्येक आवृत्ती नऊही संगणकांवर तपासून माझ्या चुका माझ्या पदरात घालणारीही तीच. गेल्या रविवारी तिने नवी आवृत्ती मला न विचारता बनवली. मोहोर तेवढी माझी लागली. नऊच्या नऊ पडद्यांवर ते दोन शब्द! खालूनच ओरडली, "आई, या बघायला, तुमच्यावाचून चाललं!"
एवढे गोड वाक्य मला जन्मात कोणी ऐकवले नव्हते.
चावी शिवणाच्या डब्यात, बटणांखाली आहे.

हे माझे पहिले मृत्युपत्र, आणि दुसरे लिहायचे कारण उरलेले नाही.

साक्षीदार: १. एक्स-रे तंत्रज्ञ, निवृत्त. २. शेजारचे घड्याळजी.
ठिकाण: जिन्याखालची खोली. दिनांक: ९ मार्च २०२३, सकाळी अकरा.

सही: मावशी
झालं बाई!