मान तरी हालवायची होती

सुमन व, जयभीम!

हासली न? जिंदगीभर तूच मले ‘रामराम’ म्हणत आली. म्या तुले एकडाव ‘जयभीम’ म्हटलं नाई. जीभ काऊन जड होत होती, कोणाले माहीत!

आज लिहून राहिली, कारण मी आजी झाली! माह्या प्रशांतले पोट्टी झाली, वर्ध्याच्या दवाखान्यात. पवनारवरून एसटी भेटली नाई, तं ऑटोत कोंबून गेली, पण वेळेवर पोचली. नाक तेवढं माह्या सासूचं आलं, बाकी लय गोड आहे. तीन दिवसांची आहे, पण रडते अशी का सारा वार्ड उठून बसते. मी तिसरी शिकलेली बाई, अक्षराले नाव ठेवू नको.

पण सांगाचं ते येगळंच. पोट्टीले पुसून माह्या हातात कोणं देल्लं, ठावं आहे? तुह्या शीलानं! पांढऱ्या कपड्यातली सिस्टर. म्या वळखलंच नाई. म्हणते कशी, “मावशी, चष्मा बदला आता. मी सुमनची शीला.” तू हिवाळ्यात वारली तवा मी आलती तुह्या घरी. मागंच बसली अन् तिच्याशी न बोलता निंघून गेली.

तिनं चहा आणला. बाकड्यावर टेकली अन् सरळ विचारलं, “मावशी, शाळेत तुम्ही दोघी सोबत खिचडी शिजवत होत्या. माह्या आईनं खरंच दाळ चोरलती का?”

माय व! हातात नात, अन् चहाचा घोट तोंडातच.

तू पोटच्या पोरीलेबी सांगतलं नाई? वीस वर्षं? काऊन व? माही लाज तू काऊन झाकली?

दाळीचे दोन कट्टे, भरलेली पोती, माह्या भासऱ्यानं नेले, महादेवाच्या भंडाऱ्यासाठी. नवऱ्याचा मोठा भाऊ, वरून शाळा समितीचा अध्यक्ष. शाळेच्या कोठीचं कुलूप म्याच उघडून देल्लं, तुह्या देखत. “देवाचं काम आहे, आणून ठेवतो परत,” म्हणे. गाव जेवलं. म्या दोनदा वरण घेतलं. दाळ काई परत आली नाई. मंग तपासणीचे साहेब आले, दाळ कमी निंघाली, अन् भासऱ्यानं बोट तुह्याकडे दाखवलं.

शाळेच्या वट्ट्यावर बैठक भरली तो दिवस नेमका श्रावणातला सोमवार. हरसाली श्रावणात मी सोमवारचं मौन धरो. दिवस बुडाल्यावर पूजा करो अन् मंगच बोलो. तू माह्याकडे वळली. “कमल, सांग न व, दाळ म्या नेली का?” सारे माह्या तोंडाकडे पाहून राहिलते. म्या ओठावर बोट ठेवलं अन् हात जोडले.

“बाईचं व्रत आहे, तिले नका छळू,” कोणीतरी म्हटलं. मले बरंच वाटलं. खोटं काऊन सांगू?

किती वर्षं म्या मनाले समजावलं, का बोलली असती तं व्रत मोडलं असतं. पण सुमन, मौनात मान हालवायले कोणाची मनाई होती? त्याच सकाळी म्या बोटं दाखवून दूधवाल्याशी भाव केला! व्रत देवाचं होतं, भेव भासऱ्याचं होतं. तवा आमची चूल एकच होती न. दुसऱ्यासाठी जहर पेणारा देव माहा, अन् त्याच्याच नावानं म्या एक खरी गोष्ट गिळली.

तू विहारात खोटं न बोलायचं शील घ्यायची, अन् मी तुले चिडवो, “भाजीवाल्याजवळबी पाळते का?” म्याबी खोटं नाई बोलली व. काईच नाई बोलली.

तुहं काम गेलं. पोट्टे शीलाले ‘दाळचोट्टी’ म्हणत, म्हणून तू तिले मामाकडे वर्ध्याले धाडलं. आठ वर्षांची लेक! अन् मी शाळेच्या त्याच चुलीवर खिचडी ढवळत राहिली.

पुढं कापूस वेचायले माह्या शेजारच्याच ओळीत आली तू. एकदाच बोलली. “तुनं देवाचं ऐकलं, कमल. हाक म्याबी मारलती.” अन् म्या काय म्हटलं? “ऊन लय आहे आज.” दोन शिव्या तरी द्यायच्या होत्या मले!

परवा शीलाले सारं सांगतलं. वाटलं, आता थापड मारते. तिनं पोट्टीचं दुपटं सारखं केलं अन् म्हणे, “मले नका सांगू, मावशी. माही आई कशी होती, मले ठावं आहे. जिथं तिले चोर म्हटलं, तिथं सांगा.” अन् दुसऱ्या बाईचं सलाईन पाहायले गेली.

प्रशांत भडकला. “आई, मोठे बाबा आता म्हातारे झाले. मंदिराचं सारं तेच पाह्यतात. जुनं उकरशील तं बारशाले कोणी पाय ठेवणार नाई आपल्या घरी!” म्या तं बुंदीचंबी सांगून ठेवलं व. पहिली नात, जीव तुटते. पण नाई येत तं न येवो. बुंदी आमची आम्ही खाऊ.

महादेवावर माहा भरवसा आहे, तो काई सोडत नाई. पण त्याच्या आड आता लपत नाई. येत्या ग्रामसभेत त्याच वट्ट्यावर उभी राहीन. कट्टे कोणं नेले, कुलूप कोणं उघडलं, दोन्ही सांगीन. नुसतं ‘भासरे’ म्हणून चालत नाई, गावात सगळ्यायले भासरे आहेत. आमच्यात बाई भासऱ्याचं नाव तोंडानं घेत नाई. लग्नाले पस्तीस वर्षं झाली, म्या घेतलं नाई. आधी इथं लिहून पाह्यते.

वामनराव.

घे. लिहिलं. आता तोंडानं घेईन, त्यांच्या देखत, साऱ्या गावाले ऐकू जाईल असं.

तुही सोबतीण,
कमल