सासऱ्याच्या तोंडी माझं वाक्य

कामरगाव, मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं ठिकाणावर नाही. माझं वाक्य! ‘ज्याला ऐकायचं नसेल, त्यानं खुशाल उठून जावं.’ माझ्या प्रत्येक भाषणाची सुरुवात. पहिल्या टाळ्या यावरच पडतात.

भाची पल्लवीनं आज मोबाईल दाखवला. टीव्हीवरच्या मालिकेतली माणसं घेऊन ती स्वतःच्या गोष्टी लिहिते आणि एका ॲपवर टाकते. असलं लेखन म्हणजे उसन्या पिठाच्या भाकरी, असं मी तिला नेहमी सुनावतो. तर या गोष्टीत सून पहिल्यांदा तोंड उघडते, आणि सासरा गरजतो. माझंच वाक्य, शब्दन्‌शब्द! खाली वाचकांच्या शिव्या. एका बाईनं लिहिलंय, ‘या बुढ्याले कोनी तरी गप करा रे.’

“माह्यं वाक्य द्याले तुले सासराच भेटला का?” मी ओरडलो.

“मामा, आधी हिरोच्या तोंडी टाकून पाह्यलं,” ती म्हणाली. “त्याले शोभेच ना. सासऱ्याले फिट्ट बसलं.”

इतकं वाचलं, इतक्या सभा गाजवल्या. हे वाक्य असं कधी ऐकूच आलं नाही. उठून जावं. आजवर कोणी उठलं नाही, याचा केवढा अभिमान! लोक ऐकत होते की घाबरत होते?

“मंग सून उठते का?” मी विचारलं.

“तेच तं सारे इचारून राह्यले. पुढचा भाग लिवलाच नाही अजून.”

उद्या मानोऱ्याला सभा. सुरुवात काय करू?

आत्ताच त्या ॲपवर भलत्याच नावानं खातं उघडलं आणि त्या बाईच्या प्रतिक्रियेखाली लिहिलं, ‘उठू दे तिले.’